आमी आणि आमेन

माझा कान तिखट आहे. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो म्हणून माझी बायको भुवनेश्वरी कपाळाला हात लावते, पण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसण्याइतकं आयुष्य आता माझ्याकडं उरलेलं नाही. कुंभकोणच्या संगीत सभेत मी कायम तिसऱ्या रांगेत बसतो. गवयाचा सूर केसभर घसरला की मी चष्मा काढून पुसायला लागतो. जुने गवई मला ओळखून आहेत. गाताना ते माझ्या बाजूला बघायचंच टाळतात.

अशा या कानाला माझ्याच घरातल्या एका गाण्यानं जन्मभर चकवलं. आणि खरं सांगायचं तर मला जगात तेच गाणं सगळ्यांत जास्त आवडतं.

ते गाणं माझ्या अक्काचं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वेदवती. भावोजी गेल्यावर ती कोइमतूरहून आमच्याकडं मेलकावेरीला राहायला आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दिवेलागणीला ती देवापुढं समई लावते, पदर खांद्यावरून ओढून घेते आणि आधी नामावळी, मग स्तोत्र, मग ते गाणं म्हणते. शब्द इंग्रजी आहेत, पण अक्का ते अशा काही हेलानं म्हणायची की दोन ओळी होईपर्यंत ते इंग्रजी आहे हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही. दिवस उतरला, वाट दिसेनाशी झाली, आता तूच दिवा हो आणि आमच्या दाराशी थांब, असा काहीसा अर्थ.

गाणं मोठं विचित्र होतं. ते कधी वर चढायचं नाही. चार-पाच सुरांच्या अंगणात इकडून तिकडं फिरायचं, बस्स. मधेच थांबायचं. अक्का ओठ मिटून, मांडीवर बोटं मोजत नुसती बसायची आणि मग भलत्याच ठिकाणी परत उचलायची. मला ती थांबण्याची जागा फार आवडायची. लहानपणी मी तिच्या शेजारी बसून श्वास रोखून धरायचो आणि ती परत गायला लागली की सोडायचो. शेवटी एकच शब्द पुन्हा पुन्हा, लांबवत, प्रत्येक सुराला झोका देत यायचा. आमी, आमी, आमी.

आमी म्हणजे आम्ही. पुण्याकडचे पाहुणे आमच्या तंजावरी मराठीला हसतात. त्यांच्या मते आम्ही बखरीतून उठून आलेली माणसं आहोत. हसोत बापडे. दाराबाहेर तमिळ आणि दाराच्या आत ही भाषा, असं इतक्या पिढ्या करून दाखवा म्हणावं आधी.

ते गाणं कोणत्या रागातलं यावर मी आणि भावोजी दर दिवाळीला भांडायचो. मी एक राग धरून बसलो होतो, ते दुसरा. एकदा तर जेवणं थंड झाली आणि भुवनेश्वरीनं दोघांच्याही पानातली पुरणपोळी उचलून नेली. त्या भांडणात दोघंही चूक होतो. तो राग नव्हता. मुळात ती चालसुद्धा नव्हती.

हे मला कळलं ते काही महिन्यांपूर्वी, ज्ञानम् आमच्या घरी आली तेव्हा.

ज्ञानम् म्हणजे ज्ञानसुंदरी. शाळेत अक्काच्या बाकावर बसायची. मिशनच्या मुलींच्या शाळेत दोघी एकत्र शिकल्या, आणि त्या शाळेच्या आवारातल्या चर्चमध्ये ज्ञानम् अजून कोयर चालवते. कोयर म्हणजे त्यांचा गाणाऱ्यांचा ताफा. बाई ठेंगणी, आवाज मात्र बाजारात भाव करणाऱ्या माणसासारखा. ती आली, चप्पल काढता काढताच तमिळमध्ये म्हणाली, "वेदा, चर्चचा वाढदिवस आलाय. मिसचं अँथम म्हणायचंय. आल्टो नाही. तू ये."

अक्काच्या हातातला मोगऱ्याचा गजरा तसाच राहिला. तिचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं की ही बाई या एका वाक्याची वाट बघत म्हातारी झाली.

मी विचारलं, आल्टो म्हणजे काय? ज्ञानम्नं मला मुलांना सांगावं तसं सांगितलं. अँथम हे चर्चमधलं खास गाणं. ते सगळी मंडळी मिळून म्हणत नाहीत, फक्त कोयर म्हणतो, चार आवाजांत, आणि बाकीच्यांनी बसून ऐकायचं. वरचा आवाज चाल म्हणतो. त्याच्या खालचा बायकांचा आवाज आल्टो. मग पुरुषांचे दोन, टेनर आणि बास. चौघांच्या ओळी वेगळ्या, पण एकमेकांत बसणाऱ्या. "तुझी अक्का आल्टो," ती म्हणाली. "चाल माझ्याकडं होती. हिच्याकडं जे आहे ते चालीच्या खालचं."

"खालचं म्हणजे?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"म्हणजे एकट्यानं म्हणायचं नव्हे."

मला तिचा असा राग आला म्हणता! माझ्या घरात येऊन, माझ्या देवघरासमोर उभं राहून, ही बाई सांगत होती की ज्या गाण्यावर मी वाढलो ते गाण्याचा चौथा हिस्सा आहे. पण अक्का हसत होती. तिला हे ठाऊक होतं. आम्हालाच कुणाला नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नाही.

मग त्या दोघींनी मिळून सगळी गोष्ट सांगितली. निम्मी तमिळमध्ये, निम्मी आमच्या मराठीत, कारण शाळेत असताना अक्कानं ज्ञानम्ला आमचे दोन-चार शब्द शिकवले होते आणि ते ती अजून ठेवणीतल्या दागिन्यांसारखे वापरते.

ते अँथम शाळेच्या इंग्रज मुख्याध्यापिकेनं रचलं होतं. सगळ्या मुली तिला नुसतं मिस म्हणायच्या. चर्चमध्ये नाताळला, ईस्टरला, संध्याकाळच्या प्रार्थनेला इंग्लंडमधल्या मोठमोठ्या देवळांत म्हणतात ती अँथम्स व्हायची, पण मुलींचा जीव होता तो मिसच्या या साध्या गाण्यावर. मिस मायदेशी परत जायला निघाली तेव्हा तिच्या शेवटच्या रविवारी ते म्हणायचं ठरलं. तालमी शाळेत. चारही आवाजांच्या वेगवेगळ्या, हे त्यांच्यात असंच असतं. आधी प्रत्येकानं आपली ओळ पाठ करायची आणि अगदी शेवटी सगळ्यांनी एकत्र यायचं. अक्का आल्टोच्या खोलीत शिकली. पाठ झालं नाही तर मिस रागवायची, म्हणून घरी येऊन म्हणायची.

घरी अप्पांच्या कानावर ते पडलं. आमचे अप्पा, हनुमंतराव, माणूस कडक. त्यांनी स्वैपाकघराकडं तोंड करून विचारलं की हे काय चाललंय, किरिस्तावांचं गाणं की काय? आई आत दोसे घालत होती. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. तिनं कान दिला तेव्हा नेमका शेवटचा शब्द चालला होता, आमेन, आमेन. तव्याच्या चुरचुरीत तिला तो न् ऐकूच आला नाही, आणि लांबवलेला ए ई वाटला.

"कसलं किरिस्तावांचं?" आई म्हणाली होती. "आमी, आमी म्हणतेय पोर. आमचंच आहे की ते!"

अप्पा गप्प बसले. आपल्याच भाषेतल्या गाण्याला नाही कसं म्हणणार? त्या दिवसापासून अक्का घरात तो शब्द मुद्दाम आमी असा म्हणायला लागली, म्हणजे परवानगी टिकून राहावी. म्हणता म्हणता तेच तिच्या जिभेला बसलं.

"आणि मग तो रविवार?" मी विचारलं.

ज्ञानम्नं अक्काकडं बघितलं. अक्का गजरा गुंडाळत म्हणाली, "त्या दिवशीं कोइमतूरचे पाहूणे मला बघायस आले रे."

म्हणजे भावोजींची मंडळी. मला तो दिवस आठवतो, मी अर्ध्या चड्डीत दाराशी उभा होतो. मुलीला गाणं येतं का म्हणून विचारलं गेलं. अक्काला त्या वेळी डोक्यात दुसरं काही नव्हतंच. चर्चमध्ये तिच्या मैत्रिणी त्याच घटकेला उभ्या राहिल्या असतील, हे तिला ठाऊक होतं. तिनं डोळे मिटले आणि आपली आल्टोची ओळ म्हणून दाखवली, थांबायच्या जागांसकट. भावोजींच्या वडलांनी मान डोलावली आणि म्हणाले, फार जुनं दिसतंय, दरबारातलं असणार. आमच्या घराण्याचा तंजावरच्या दरबाराशी कधीकाळी संबंध होता, त्यामुळं अप्पांनी नाही म्हटलं नाही. लग्न ठरलं. भावोजी पुढं आयुष्यभर म्हणायचे, मला ही बायको एका न कळलेल्या रागावर मिळाली.

तर अक्कानं ते गाणं सगळ्यांबरोबर कधीच म्हटलं नाही. ऐकलंसुद्धा नाही. तिच्या ओळीच्या वर काय आहे, खाली काय आहे, ती थांबते तेव्हा बाकीचे काय म्हणतात, यातलं तिला काहीही माहीत नव्हतं. "मला एकदां त्याच्या मधें उभं राहायचंय, मध्वा," ती म्हणाली. "दुसरं काहीं नक्को."

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, जा की मग, त्यात काय. हे म्हणणं सोपं होतं.

पहिल्याच तालमीला घोटाळा झाला. मी अक्काला रिक्षानं घेऊन गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. कोयर लहानसाच होता. वरच्या आवाजाच्या पाच-सहा बाया, बँकेत असणारा एक टेनर, चोळपुरमहून बसनं येणारे दोन शेतकरी भाऊ बास म्हणून, आणि अक्का. आमच्यात बास म्हणजे पुरे. म्हणून ज्ञानम् "बास!" असं ओरडली की मला वाटायचं तालीम संपली, आणि मी उठून उभा राहायचो. दोनदा हसू झाल्यावर मी उठणं सोडलं.

गाणं सुरू झालं आणि मला अक्का लख्ख ऐकू आली. सगळ्यांच्या वर. ज्ञानम्नं हात आपटून गाणं थांबवलं.

"वेदा, सूर हलवतेस! सरळ ठेव!"

दोष अक्काचा नव्हता. आमच्या कानांना उभा सूर म्हणजे न शिजलेला भात. सुराला थोडं डोलवल्याशिवाय, त्याच्या शेजारच्या सुराला बोट लावून आल्याशिवाय तो आम्हाला सूर वाटतच नाही. इतकी वर्षं समईपुढं बसून अक्कानं त्या ओळीला आपल्या संगीताचे सगळे झोके देऊन ठेवले होते. कोयरमध्ये मात्र चार आवाज एकमेकांवर टेकून उभे असतात. एकानं डोलायला सुरुवात केली की बाकीचे पडतात.

"आल्टो ऐकू येता कामा नये," ज्ञानम् मला म्हणाली. मागच्या बाकापर्यंत येऊन, माझ्यापुढं बोट नाचवत. "नसला तर सगळ्यांना कळतं. असला तर कुणाला कळत नाही. तुझा कान मोठा ना? तू इथंच बस. अक्का ऐकू आली की हात वर कर."

मी हात वर केला. पुन्हा केला. पुन्हा केला. प्रत्येक वेळी अक्का माझ्याकडं बघायची आणि मला माझ्याच हाताचा राग यायचा. शेवटी ज्ञानम्नं सांगून टाकलं, वाढदिवसाच्या रविवारच्या आधीच्या तालमीत हात वर गेला तर आल्टो नाही. बाकीचे म्हणतील, अक्कानं बसून ऐकावं. ती वाईट बाई नाही. तिच्या मिसचं गाणं होतं, आणि ते मोडून म्हणणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

घरी येताना अक्का रिक्षात मांडीवर बोटं मोजत बसली. मी म्हटलं, बसून ऐकलं तरी काय बिघडलं, ऐकायला तर मिळेल. तिनं मान वळवली. "ऐकूनच घ्यायचं तर फोनवर ऐकतें. मला मधें असायचंय."

मग आमच्या घरात सरळ सुराचं प्रकरण सुरू झालं. मी फोनवर तंबोरा लावून द्यायचो आणि ती गायची, आणि दुसऱ्याच सुराला तिचा उजवा हात हवेत उठायचा. बोटं फिरायला लागायची आणि त्यांच्यामागून सूर. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मी ओरडायचो, ती ओरडायची, भुवनेश्वरी दोघांवर ओरडायची. शेवटी भुवनेश्वरीच म्हणाली, "हात बांधून ठेवा त्यांचे." ती रागानं बोलली, पण मी ऐकत राहिलो. खरंच की. आमचं गाणं हातात असतं. हात हलला की गळा हलतो.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून टोपलीभर मोगरा आणला आणि अक्कापुढं ठेवला. बांधत बांधत गा म्हटलं. आमच्याकडं बाया सुईशिवाय फुलं बांधतात, त्यात दोन्ही हातांची सगळी बोटं गुंततात. अक्का बांधायला बसली, गायला लागली, आणि सूर जिथल्या तिथं उभा राहिला. सपाट, साधा. मला तर तो ऐकवेना. माझं गाणं कुणीतरी धुवून, कांजी करून, इस्त्री मारून समोर ठेवल्यासारखं वाटलं. पण अक्काचे डोळे चमकले होते. ती रोज बांधायला लागली. शेजारच्या सगळ्या देवांना त्या आठवड्यात फुकट माळा मिळाल्या.

मधे साडीचा प्रश्न आला. कोयरच्या बाया पांढरी नेसतात. भावोजी गेले तेव्हा नातेवाइकांनी अक्काला पांढरं नेसायला सांगितलं होतं, आणि तिनं सगळ्यांच्या तोंडावर साफ नाही म्हटलं होतं, पुढंही आपली हिरवी-जांभळीच नेसत राहिली. भुवनेश्वरीनं चाचरत विचारलं, मग आता? अक्का म्हणाली, "ते विधवेचं होतं. हें आल्टोचं आहे." आणि पांढरी साडी आणायला स्वतः दुकानात गेली.

शनिवारच्या तालमीला तिनं दोन्ही हातांत गाण्याची वही घट्ट धरली. गाणं सुरू झालं. मी मागच्या बाकावर हात मांडीखाली दाबून बसलो होतो. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. अक्का ऐकू येत नव्हती. मी मनात म्हणत होतो, सांभाळ, सांभाळ. पार शेवटापर्यंत ती आली, आणि शेवटचा लांब आमेन आला, आणि सगळ्यांनी एकदम ओठ आत घेऊन न् वर तो मिटला. अक्काचा मिटला नाही. बाकीचं चर्च शांत झाल्यावर तिची ई एकटीच वर लोंबकळत राहिली. आमी.

हात वर करायची गरजच नव्हती. ते सगळ्यांनीच ऐकलं होतं.

ज्ञानम् तिच्याजवळ आली. मला वाटलं आता संपलं. पण ती हळू म्हणाली, तेही आमच्या मराठीत, "वेदा, शेवटीं गप्प रहा. नाहीं तर न् म्हण." आणि बाकीच्यांकडं वळून उद्या लवकर या असं सांगायला लागली.

त्या रात्री जेवताना अक्का म्हणाली, "आई असती तर तिला काय वाटलं असतं रे?" मी ताक मागितलं.

रविवारी चर्च भरलं होतं. जुन्या विद्यार्थिनी लांबून लांबून आल्या होत्या. एक तिरुक्करुगावूरची शिक्षिका माझ्या शेजारी बसली आणि मी कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, आल्टोचा भाऊ. ती हसली. पुढं पांढऱ्या साड्यांच्या रांगेत अक्का दुसऱ्या टोकाला उभी होती, आणि मला ती फार लहान दिसली.

ज्ञानम्नं हात उचलला.

ते गाणं कसं होतं हे मला सांगता येणार नाही, आणि मी रोज लोकांच्या गाण्याबद्दल बोलणारा माणूस आहे. वरून चाल आली. ती मी पहिल्यांदाच मन लावून ऐकत होतो, तालमीत माझं सगळं लक्ष हात वर करण्यात जायचं. साधी चाल होती, उंबऱ्याशी येऊन थांबल्यासारखी. खालून ते दोघे शेतकरी भाऊ आले. मधून बँकवाला. आणि जिथं अक्का नेहमी थांबायची, बोटं मोजत, तिथं बाकीचे तीन आवाज एकमेकांना हाक मारत होते. ती जागा रिकामी नव्हतीच कधी. मी लहानपणी तिथं श्वास रोखून धरायचो.

मी अक्काला शोधायला लागलो. तिची ओळ मला माझ्या नावासारखी पाठ. मी तिच्या ओठांकडं बघत होतो, ओठ हलत होते, पण आवाज हाती लागेना. चालीच्या मागं बघितलं, टेनरच्या आड बघितलं. नाही. गाणं भरलेलं होतं, कुठं कमी नव्हतं, आणि त्यात माझी अक्का कुठंच नव्हती. मला रडू आलं. त्यातलं निम्मं गाण्याचं होतं आणि निम्मं संतापाचं. या लोकांनी माझी अक्का गिळली असं मला वाटलं. शेवटचा आमेन आला, एकमेकांवर चढत गेला आणि एका क्षणी सगळीकडून मिटला. काहीही उरलं नाही. ती म्हणाली की गप्प राहिली, तेसुद्धा मला कळलं नाही.

बाहेर अंगणात ती आली. घामानं पदर ओला, तोंड लाल. "मध्वा! ऐकू आलें मी?"

मला खोटं बोलता येत नाही. आणि रागही होता. "नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही. शोध शोध शोधलं तुला. कुठं होतीस?"

अक्कानं माझा हात धरला. लग्न होऊन निघाली तेव्हा धरला होता, त्यानंतर आत्ता. मग ती मोठ्यानं हसली, इतकी की लोक बघायला लागले.

"मग जमलं रे!" ती म्हणाली. "उदंड जमलं!"

रिक्षात मी विचारलं, शेवटी गप्प राहिलीस का? ती बाहेर बघत होती. कावेरीच्या पुलावर वारा होता. "नाहीं. म्हटलें. आमेन म्हटलें. न् मिटला." मग म्हणाली, "आईचं आमी सोडलें. जरा वाईट वाटलं. पण त्यांच्यासंगती मिटल्यावर वाटलं, तेंच की हें."

त्या संध्याकाळी तिनं समई लावली. नामावळी झाली, स्तोत्र झालं. मी नेहमीप्रमाणे खांबाला टेकून बसलो होतो. अक्का उठली आणि आत गेली.

"गाणं?" मी विचारलं.

"आज नक्को."

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी मी चिडलो. म्हटलं, इतकी वर्षं म्हटलंस, आता त्या लोकांचं ऐकून आमचं बंद केलंस होय? ती रागावली नाही. समईची वात सारखी करत म्हणाली, "एकलीनं कसं म्हणूं रे? आधीं ठाऊक नव्हतं, म्हणून चाललं. आतां मधें थांबतें तर पलीकडे कोणी नाहीं असं वाटतंय. भ्या वाटतंय."

तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यात माझं गाणं गेलं. दिवेलागणीला घर इतकं शांत व्हायला लागलं की भुवनेश्वरीनं टीव्ही लावायला सुरुवात केली.

पंधरवड्यानंतर मी ज्ञानम्च्या दारात जाऊन उभा राहिलो. ती अंगणात वाळवण राखत होती. मी म्हटलं, मला शिकवा.

"काय?"

"खालचं. पुरुषांचं. जे तुमच्यात बास असतं ते."

तिनं मला एक सूर म्हणायला लावला आणि डोळे बारीक करून ऐकला. मग म्हणाली, आवाज भिकार आहे, पण खाली जातो. आणि मग त्या बाईनं मला महिनाभर असं रडवलं की सभेतल्या सगळ्या गवयांचा सूड उगवला गेला. सूर हलवू नकोस. हात मांडीवर ठेव. ऐकून घे, स्वतःला ऐकू नकोस, दुसऱ्याला ऐक! मी, तिसऱ्या रांगेतला मध्वेश, वाळत घातलेल्या मिरच्यांमध्ये उकिडवा बसून एकाच सुरावर डोअर, डोअर, डोअर असं म्हणत होतो आणि शेजारची पोरं कुंपणावरून बघत होती.

काल संध्याकाळी अक्कानं समई लावली. स्तोत्र झालं. ती गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली तेव्हा मी घसा साफ केला आणि सुरुवात केली.

ती अर्धवट उठलेली तशीच थांबली. स्वैपाकघरात टीव्हीचा आवाज बंद झाला. मी समोर बघत होतो, कारण तिच्याकडं बघितलं असतं तर मला पुढं म्हणताच आलं नसतं. पहिली ओळ मी एकट्यानं म्हटली. किती ओकंबोकं होतं ते! नुसता पाया, त्यावर भिंत नाही. दुसऱ्या ओळीवर सूर घसरला, माझा मलाच कळला, तरी मी थांबलो नाही.

अक्का परत खाली बसली. मांडीवर बोटं मोजली. मग आपल्या जागेवर गाण्यात आत आली.